मुरबाडहून आणलेले बांधलेले इंजिन

टेम्पो शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून निघाला तेव्हा खळ्यांवरचे दव अजून वाळले नव्हते. मागे आमच्या भातगिरणीचे जाम झालेले डिझेल इंजिन दोरखंडाने आवळलेले होते आणि पुढे चालकाशेजारी मी व माझी पत्नी वत्सला. मुरबाडच्या बारकू मिस्त्रींना ते देऊन त्यांच्याकडचे ‘बांधलेले’ इंजिन (झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवलेले) आणायचे होते. वत्सलेला नवे हवे होते. मी मात्र मिस्त्रींच्या हातची इंजिने आसपासच्या गिरण्यांत वर्षानुवर्षे चालताना पाहिली होती, आणि यंत्रातले आपल्याला कळते, असा माझा समज होता.

तो समज किती पोकळ होता, हे फक्त मला ठाऊक होते. गिरणीचे इंजिन तापू नये म्हणून त्याला पिंपातून नळीने पाणी सोडतात. पिंप भरण्याचे काम वत्सलेचे. तीन आठवड्यांपूर्वी नळी साफ करून मी तिचा कॉक (तोटी) उघडायला विसरलो आणि दारात गप्पा मारत राहिलो. इंजिन जाम झाल्यावर मी गुपचूप कॉक उघडला. पिंप रिकामे झाले. भात घेऊन आलेल्या बायकांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, “पाणी भरलं नसेल.” नाव घेतले नाही, घेण्याची गरजच नव्हती. तेव्हापासून वाडीच्या (डोंगराकडच्या वस्तीच्या) बायका डोक्यावर भात घेऊन थेट किन्हवलीच्या गिरणीपर्यंत चालत जात होत्या, आणि जाता-येता वत्सलेला बोल लावत होत्या.

किन्हवलीत चहा घेतला. पुढे कापलेल्या शेतांतून रस्ता मोकळा होता. सरळगावच्या अलीकडे एका खड्ड्यात दोर सैल झाला आणि इंजिन धाडकन फळीवर आदळले. चालकाने उतरून पाहिले. “शेठ, याला मुरबाडला जायाचं नाय. उतरून घरी पळतंय!” वत्सला हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. मी दोर आवळत राहिलो.

मुरबाडमध्ये पोचलो तेव्हा ऊन चढले होते. दूर सिद्धगडाचा माथा निळसर दिसत होता. एस.टी. स्टँडामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारकू मिस्त्री बसले होते. साठीचे, किडकिडीत, बोटे तेलाने काळवंडलेली. त्यांनी आधी चहा मागवला, मग म्हणाले, “भाऊ, पयलं इंजिन कशानं मेलं ते मालकानं सांगायचं. मंग मी दुसरं देतो. नायतर तेबी तसंच मरतं.”

“जुनं झालं होतं,” मी म्हणालो.

त्यांनी आमचे इंजिन खोलायला घेतले. तासाभराने त्यांनी पिस्टन ठोकून बाहेर काढला आणि उजेडात धरला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे पडले होते. “जुनं कसलं? तापलंय हे. पाणी नाय मिळालं.”

वत्सला खाली मान घालून म्हणाली, “मीच भरलं नसंल, दादा. मला वाटलं होतं भरलंय. पण मीच इसरले असंन.”

माझे खोटे तिने स्वतःच्या आठवणीपेक्षा खरे मानले होते. मी उभा राहिलो. “पिंप भरलेलं होतं. कॉक मी बंद ठेवला. मग तो उघडून पिंप रिकामंही मीच केलं.”

मिस्त्री पिस्टन पुसत राहिले. वत्सला एवढेच म्हणाली, “तीन आठवडं मी माझ्याच डोक्याला दोष देत व्हते.”

मग मिस्त्रींनी हिरवा रंग दिलेले इंजिन दाखवले. “ताय, तू हात लाव. थंड हाय ना? गरम करून ठेवल्यालं कुनीबी चालू करील.”

“थंड हाय,” ती म्हणाली. मिस्त्रींना, मला नाही.

मी हँडल मारले. दुसऱ्या फेऱ्याला इंजिनाने आवाज धरला. काळा धूर निघाला, विरळ झाला, आणि ठोके एकसारखे पडू लागले. मिस्त्रींच्या घरून तांदळाची भाकर आणि वालाचे बिरडे आले. इतके चविष्ट जेवण मी इतक्या खाली मानेने कधी जेवलो नव्हतो.

परतताना वत्सला चालकाशी बोलली, माझ्याशी नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीत इंजिन चौथऱ्यावर बसवून पट्टा चढवला, तोवर बायका जमल्या होत्या.

“जुनंच आनलं का रं?” वाडीची बुधीआजी म्हणाली. दुसरी वत्सलेकडे बघून हसली. “आता तरी पानी भर गो!”

कबुली मुरबाडच्या शेडमध्ये दिली होती. दोष इथे लावला होता. मी हँडल खाली ठेवले आणि सगळ्यांसमोर सगळे सांगितले, रिकाम्या केलेल्या पिंपासकट.

बुधीआजी पुढे आली. “आन आमी हिला नाय नाय ते बोललो!” तिने आपली भाताची पाटी उचलून वत्सलेच्या पायाशी ठेवली. “घे गो बाय, तूच वत. आज तुज्याच हातानं.”

वत्सलेने भात गिरणीत ओतला आणि मान वळवून मला म्हणाली, “बघत काय बसलाव? मारा हँडल.”

त्याला आता चार वर्षे झाली. इंजिन एकदाही उघडावे लागलेले नाही, आणि कोणी विचारले की मी अभिमानाने सांगतो, ते बांधलेले आहे. नवे घ्यायला कल्याणला गेलो असतो, तर पहिले कशाने गेले, हे दुकानदाराने मला विचारलेच नसते.