मानेला लागलं

मी आयुष्यभर मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या शाळेत हिंदी शिकवली. पोरगं "गुरुजी, पेट दुखून रहा" म्हणालं, की मी त्याचा कान पिळायचो. घरी मराठी बोला, कागदावर हिंदी लिहा, पण भेसळ करू नका, हा माझा ताठा.

त्या शनिवारी बायकोला घेऊन जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन करून पांढुर्ण्याला घरी परतत होतो. ब्रेकरवर गाडी हळू केली अन् मागच्या जीपनं ठोकलं. डिक्कीला वाटीएवढा पोचा. जीपवाल्यानं हात जोडले. बायको म्हणाली, "जाऊ द्या जी, काई नाई झालं."

चौथ्या दिवशी तिला शिलाई मशीनवर वाकता येईना. अर्ध्या मोहल्ल्याची ब्लाउजं तीच शिवायची. मान खाली केली की उजवा हात मुंग्यांनी भरायचा. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, नस दबली आहे, नागपूरला न्या. जीपच्या विम्याचा क्लेम मिळाला तरच ते जमणार होतं.

पोलीस ठाण्यात तिच्या वतीनं मीच बोललो. तिला हिंदी जमत नाही ना! "पीछे से ठोका, पत्नी की मान को लगी." रिपोर्ट लिहिणाऱ्या मुन्शीनं पेन थांबवला. "मास्साब, मान पुल्लिंग है." अन् लिहिलं, 'पत्नी के मान को ठेस पहुँची.' माझीच व्याकरणाची चूक निघाली म्हणून मी खजील झालो आणि मुकाट्यानं सही ठोकली. गर्दन हा शब्द मला येत नव्हता असं नाही हो. त्या घडीला आठवलाच नाही.

तारखांमागून तारखा झाल्या. शेवटी कोर्टात विमा कंपनीच्या वकिलानं तो कागद मोठ्यानं वाचला. "मान को ठेस लगी है, तो मानहानि का दावा कीजिए." सगळे खो-खो हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठून म्हणालो, "साहब, हमारे यहाँ मान यानी गर्दन." जजसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आप तो हिंदी के शिक्षक थे न?"

कप्पाळ माझं! रिपोर्ट उशिरा, हाड शाबूत, अन् पहिल्याच कागदावर मानेचं नाव नाही. क्लेम खारीज.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिला हसू आलं, मग तिनं दोन्ही हातांनी मान धरली. "हसवू नका जी, दुखून राहिली." माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं न शिवलेली कापडं पिशवीत भरून दिली. मी घरोघर परत करत फिरलो. प्रत्येक दारात तोच प्रश्न, "काहून जी, काय झालं बाईले?"

"मानेला लागलं," मी म्हणायचो.

एकाही बाईनं 'म्हणजे काय' असं विचारलं नाही.