सासूला बाहेर पाठवणाऱ्या डॉक्टरबाई

रत्नप्रभा आचरेकर डॉक्टर झाली तेव्हा बोरीवलीच्या त्यांच्या सोसायटीत घरोघरी पेढे गेले. पुढे ती त्वचारोग आणि गुप्तरोगांची डॉक्टर झाली, तेव्हा मात्र पेढ्यांचं नाव कोणी काढलं नाही. आई शेजारणींना 'कातडीची डॉक्टर' एवढंच सांगायची आणि उरलेलं गिळून टाकायची. मावशी तेवढी फटकळ.

"एवढी शिकलंस गो, आणि बघतंस काय, तर लोकांची खरूज!"

"ज्याला खाज सुटते ना मावशी, त्याला विचार. डॉक्टर देवासारखा वाटतो."

मावशी हसायची, पण स्थळं शोधणाऱ्यांना ती भाची मुलांची डॉक्टर असल्याचं सांगायची. रत्नप्रभाने कधी ते खोडलं नाही. लग्न राहून गेलं आणि ती कामात बुडून गेली. अंधेरीच्या पालिका रुग्णालयात तिचा विभाग होता, आणि शहरातल्या मेडिकल कॉलेजची मुलं तिच्याकडे शिकायला येत. 'स्किन म्हणजे सुट्टी' असं म्हणतच ती सगळी यायची. पहिल्याच दिवशी ही सुट्टी संपायची.

रत्नप्रभा एकेकाला रोग्याच्या स्टुलावर बसवायची आणि त्याच्याच मित्राला सांगायची, "विचार याला. लग्न झालंय का, बायकोशिवाय कुणाकडे जातो का, कधी गेला होता. मोठ्याने विचार, सगळ्यांना ऐकू येऊ दे." स्टुलावरच्याचे कान लाल व्हायचे, विचारणाऱ्याची जीभ अडखळायची आणि मागच्या रांगेतलं खिदळणं आपोआप बंद पडायचं.

"कसं वाटलं?"

"वाईट, मॅडम."

"त्याला तर काही झालेलंही नाही. ज्याला झालंय, त्याला कसं वाटेल?"

मग ती ट्यूबलाइट बंद करून रोग्याला खिडकीशी न्यायला शिकवायची, कारण फिकट चट्टा दिवसाच्याच उजेडात दिसतो. कुष्ठरोग्याचा हात हातात धरायला शिकवायची. पण तिचा खरा आग्रह होता तो सासवांच्या बाबतीत.

आपल्याकडे सून तपासायला आली की सासू आत येतेच. स्टुलावरही सासूच बसते. 'कुठे दुखतं' असं सुनेला विचारलं तर उत्तर सासूच देते, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. जा म्हटलं तर अपमान होतो. रत्नप्रभाने यावर साधा उपाय काढला होता. तेव्हा पालिकेच्या दवाखान्यात औषधाची बाटली घरून आणावी लागे. सासूबाई स्थिरावल्या की ती विचारायची, "बाटली आणलीत का? नाही? फाटकापाशी मिळते बघा, धुऊनच आणा हं." सासूबाई बाटलीला गेल्या की पडदा ओढायचा, मग बोलायचं. मुलांना हे इतकं पाठ झालं होतं की कॉलेजात तिचं नावच 'बाटलीवाल्या मॅडम' पडलं होतं. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

गिरण्यांचा संप होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या तुकडीत नंदकुमार नावाचा मुलगा होता. हुशार, वर्गात पहिला येणारा. मंगळवारी सुगंधा नावाची एक मुलगी आली, चार महिन्यांची गरोदर. अंगभर तांबूस पुरळ होतं, पण खाज अजिबात नव्हती. बरोबर सासू, मथुराबाई.

"उष्णता हां ती," मथुराबाई म्हणाल्या. "सुकट खाऊ नको म्हटलां, ऐकता कोण?"

नंदकुमारने सुगंधाला खिडकीशी नेलं आणि तिचे तळहात उघडले. तळहातांवरही तेच डाग. त्याचा चेहरा उजळला. पुस्तकात वाचलेली गोष्ट समोर दिसत होती. तो बाटली विसरला, पडदा विसरला. मित्रांकडे वळून भर खोलीत म्हणाला, "सिफिलिस! गरमीच आहे ही!" आणि सुगंधाला, "तुमच्या मिस्टरांना काही झालं होतं का हो?"

मथुराबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण 'गरमी' म्हणजे बाहेरख्यालीपणातून येणारा रोग, हे त्यांना चांगलंच कळत होतं.

"आमच्या घरात असलां काय नाय हां!" त्या कडाडल्या. "हिच्या माहेरचां असतला. चल गो, उठ. देवगडाक धाडतंय तुका. तुझ्या बापाशीक निस्तरूंदे!"

सुगंधा भिंतीला टेकली. तिला रडूही येईना. नंदकुमार पांढरा पडला. ती गावी गेली की उपचार संपले, संसारही संपला, आणि पोटातलं मूल जगेल की नाही सांगता येत नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

रत्नप्रभा मथुराबाईंच्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"कुणामुळे झालं ते मी सांगणार नाही. मला कळलं तरी सांगणार नाही. पण पोटात तुमचं नातवंड आहे. आज सुई दिली तर ते धडधाकट होईल. गावी पाठवायचं की नाही ते नंतर ठरवा, सुई आज."

मथुराबाई पुटपुटत बसल्या. नातवंड या शब्दापुढे त्यांचं काही चाललं नाही; सुगंधाला सुई मिळाली.

"आणि शुक्रवारी मुलालाही आणा. त्याचंही रक्त बघायला हवं."

"शनवारची एश्टी धरतंय मी," मथुराबाई म्हणाल्या. "तिकीट काढूक सांगतंय आजच."

त्या गेल्यावर नंदकुमार खाली मान घालून उभा होता. इतरांना बाहेर पाठवून रत्नप्रभा म्हणाली, "तू रोग ओळखलास. माझ्या बरोबरीच्या चार डॉक्टरांनी याला ॲलर्जी म्हटलं असतं. पण त्या पोरीचं घर मोडायला तुला एक वाक्य पुरलं."

"मॅडम, शुक्रवारी मी येऊ नको का?"

"अरे वा! चूक तू करायची आणि निस्तरायची मी? शुक्रवारी तूच बसायचंस."

शुक्रवारी तिघंही आली. जयवंत, सुगंधाचा नवरा, संपात नोकरी गेल्यावर मालट्रकवर लागला होता. मथुराबाई मुलामागून आत शिरणार, तोच नंदकुमारने हात जोडले. "आई, रक्त घ्यायचंय. तुम्ही जरा सूनबाईंपाशी बसा. तिला एकटीला बसवू नका." मथुराबाई कुरकुरत बाकावर गेल्या. नंदकुमारने पडदा ओढला, स्टूल जवळ घेतलं आणि बसूनच बोलायला सुरुवात केली. रत्नप्रभा पडद्याच्या अलीकडे उभी राहून ऐकत होती. तिने एकदाही तोंड घातलं नाही.

बराच वेळ जयवंत नाहीच म्हणत होता. नंदकुमारने आवाज चढवला नाही. ट्रकचं विचारलं, सुरतच्या रस्त्याचं विचारलं, रात्री कुठे थांबता ते विचारलं.

"एकदा गेलो होतो," जयवंत शेवटी म्हणाला. "फोड आला होता. दुखत नव्हता, आपसूक गेला. मला वाटलं, सुटलो."

"फोड तसाच जातो, रोग आत राहतो. सुईने बरा होतो, तुमचाही आणि बायकोचाही."

"आईला सांगू नका, डॉक्टर."

"मी नाही सांगणार. मॅडमही नाही सांगणार. मंगळवारी मी नको तिथे बोललो. त्याची शिक्षा तुमच्या बायकोला होतेय. उद्या त्या एसटीत बसतील. ते थांबवणं माझ्या हातात नाही, जयवंतराव."

सुई घेऊन जयवंत लंगडत बाहेर गेला. दारातून रत्नप्रभाला आणि नंदकुमारला व्हरांड्यातला बाक दिसत होता. तो आईसमोर उभा राहिला.

"आये, सुगंधाचो काय दोष नाय. ह्यां माझ्यामुळां झालां."

मथुराबाईंनी पायातली चप्पल काढून त्याच्या दंडावर हाणली, एकदा आणि मग पुन्हा. व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. जयवंत जागचा हलला नाही. चप्पल पायात सरकवून त्या उठल्या, सुगंधाचं मनगट धरून तिला थेट आत घेऊन आल्या, आणि रत्नप्रभाच्या शेजारून जाऊन नंदकुमारपुढे उभ्या राहिल्या.

"डाक्टर, हिची दुसरी सुई कधी घेवची?"

"येत्या मंगळवारी, आई."

"बरां. तवर ती खंयच जावची नाय."

रत्नप्रभा खिडकीकडे वळली, कारण आपल्या तोंडावर काय उमटलंय ते तिला नंदकुमारला दाखवायचं नव्हतं. संध्याकाळी घरी आईने विचारलं, आज एवढी खुशीत का? कुणाचं नाव सांगता येत नव्हतं, रोग सांगता येत नव्हता.

"माझा एक मुलगा डॉक्टर झाला आज," ती म्हणाली, आणि तिने आईकडे आणखी एक भाकरी मागितली.