काकूंची यादी कुणी घालवली

ती यादी सॉफ्टवेअरने खाल्ली नव्हती. मी घालवली. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आमच्या शहराच्या लष्कर नावाच्या भागात आम्हा मराठी लोकांची दोन वाचनालयं होती. एकात दरबारी घराण्यांतले लोक पेपर वाचत, दुसऱ्यात फौजी घराण्यांतले. दरबार गेला, फौज गेली, संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, तोही मध्यप्रदेशात गेला. पण या दोन खोल्या एक व्हायला तयार नव्हत्या. पुस्तकं दोन्हीकडे जवळपास तीच, आणि ती न वाचणारी माणसंही त्याच वकुबाची. शेवटी दुपारी पंखा कुणासाठी लावायचा असा प्रश्न पडू लागला, तेव्हा एकत्रीकरणाचा ठराव झाला. त्यातही पाटीवर नाव कुणाचं आधी यात तीन बैठका गेल्या.

आमच्या, म्हणजे दरबारी वाचनालयाची यादी काकूंनी केली होती. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. हरिशंकरपुरमहून रोज दुपारी शेअर टेम्पोने यायच्या. वाचनालयातला जुना काँप्युटर सगळ्यांनी भंगारात काढला होता. त्यावर त्यांनी स्वतः लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टम टाकली आणि तसल्याच फुकटच्या लिबरऑफिसमध्ये चार वर्षं बसून एकेक पुस्तक चढवलं. नुसतं पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव नव्हे. आमच्यात पद्धत होती की घरात कुणी गेलं की त्याच्या स्मरणार्थ वाचनालयाला पुस्तक द्यायचं, आणि पहिल्या कोऱ्या पानावर कोण गेलं, कुणी दिलं, ते लिहायचं. कुणी वर दोन ओळीही लिहीत. 'आईला वाचता येत नव्हतं, तिला मी हे वाचून दाखवायचो', असं एकाने लिहिलं होतं. बाइंडिंगवाला नेमकी तीच पानं फाडून टाकायचा. म्हणून पुस्तक त्याच्याकडे जाण्याआधी काकू ते पान यादीत उतरवून घ्यायच्या. त्यानंतर ते फक्त त्यांच्या यादीत असायचं.

आणि मी? टोपी बाजारात माझं काँप्युटरचं दुकान. त्या काळी माझं ज्ञान म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअरच्या सीड्यांचा एक डबा. तेवढ्यावर समिती मला एक्स्पर्ट म्हणायची. फुकटच्या सॉफ्टवेअरची मला शिसारी होती. जे उघडपणे वाटलं जातं ते भिकार, आणि जे चोरून आणलं ते भारी, अशी आमची समज. एकदा सगळ्यांसमोर मी म्हणालो, "काकू, हे खैरातीचं कशाला वापरता? मी चांगलं टाकून देतो ना, एकदम ओरिजिनलसारखं."

"ओरिजिनलसारखं म्हणजे चोरीचंच ना रे?"

"अहो काकू, सब चलता है."

"चालतं की. माझंही चालतंय. आणि मला ते कुणापासून लपवावं लागत नाही."

पेपर वाचणारे सगळे हसले. ते हसू मी घरी घेऊन गेलो.

दोन्ही याद्या एकत्र करायचं काम समितीने माझ्याकडे दिलं. काकूंनी पेन ड्राइव्ह हातात ठेवला आणि म्हणाल्या, "एक प्रत मशीनवर आहे, एक ह्यात. आधी लिबरऑफिसमध्येच उघड. मध्ये काही विचारलं तर वाच, आणि मग उत्तर दे."

मी आधी ते मशीन पुसलं. गरज नव्हती. माझ्या डब्यातली सीडी घालून त्यावर माझी सिस्टम चढवली, आणि ते करताना मला मजा आली, हेही लिहून ठेवतो. मग पेन ड्राइव्हवरची काकूंची फाइल माझ्या चोरीच्या पॅकेजमध्ये उघडली आणि साध्या मजकुराच्या रूपात साठवली, कारण दुसऱ्या वाचनालयाचा प्रोग्रॅम तेवढंच घेत होता. मध्ये एक सूचना आली. मी न वाचता 'हो' दाबलं. दोन फाइली कशाला, म्हणून जुनी पुसली.

दुसऱ्या दिवशी नवी उघडली तर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं झालेली. ओळीमागून ओळी, पानामागून पान. अंक तेवढे शाबूत.

इथवर तो मूर्खपणा होता. काकू आल्या, बघितलं, खुर्चीत बसल्या. आरडाओरडा नाही. फक्त विचारलं, "दुसऱ्या कशात उघडली होतीस का?"

"नाही काकू. तुमच्याच त्या फुकटच्यामध्ये उघडली. त्यानेच घाण केली. मशीनही त्यानेच बंद पाडलं, म्हणून पुसून माझी सिस्टम टाकली."

"मशीनवरची तर गेली. पेन ड्राइव्हवरची जुनी पुसलीस का? पुसली असली तरी घाबरू नकोस. टेस्टडिस्क म्हणून आहे, पुसलेलं परत काढता येतं. फक्त पेन ड्राइव्हवर आता काही लिहू नकोस. उद्या मला आणून दे."

फाइल परत आली असती, तर ती लिबरऑफिसमध्ये नीट उघडली असती आणि घाण कुणी केली हे त्यांना दिसलं असतं. मी दुकानात गेलो आणि तो पेन ड्राइव्ह सिनेमांनी गच्च भरला. पुसला, पुन्हा भरला. मग रिकामा करून दुसऱ्या दिवशी त्यांना नेऊन दिला. त्या दोन दिवस खटपट करत होत्या. त्यांना सिनेमांचे तुकडे सापडले असणार. पेन ड्राइव्ह त्यांनी मला तसाच परत आणून दिला.

बैठकीत आमचे अध्यक्ष, ज्यांची सगळी कमाई म्हणजे पणजोबांचा दरबारातला हुद्दा, म्हणाले, "देखिए, फ्री का माल है. त्यावर विसंबायचं म्हणजे... बाईंचा उत्साह दांडगा, पण जबाबदारी कुणाची?" सगळ्यांनी माना हलवल्या. काकूंकडून काम काढून माझ्याकडे दिलं. मी ते घेतलं. नवी यादी मी केली: क्रमांक, पुस्तक, लेखक. देणाऱ्याचा रकाना नाही. ज्यांच्या आईबापांची नावं त्यात गेली, त्यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही. घराण्याचा अभिमान सांगणारी माणसं ही!

काकू पुन्हा आल्या नाहीत.

आज माझं दुकान लिनक्सवर चालतं. गिऱ्हाइकांना व्हीएलसी, लिबरऑफिस मीच घालून देतो, आणि पुसलेले फोटो टेस्टडिस्कने परत काढून दिले की लोक माझे आभार मानतात. मी ते घेतो. तेवढा निर्लज्जपणा मुरला आहे. काकू कधी बाड्याच्या चौकात भाजी घेताना भेटतात, दुकान कसं चाललंय विचारतात. मी बरं चाललंय म्हणतो.

हरिशंकरपुरमला जाऊन त्यांना सांगायचं आहे की फाइल मी घालवली आणि पेन ड्राइव्ह मुद्दाम भरला. मग समितीसमोर उभं राहून तेच सांगायचं आहे. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.