बाबांचे आठ दिवे

कानाला मशीन लावूनही बाबांना दारावरची घंटी ऐकू येत नाही. पण कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये उमर गेलेली, त्यामुळे दिवे बरोबर वाचतात. म्हणून मी त्यांच्या खुर्चीसमोर आठ दिव्यांचं पॅनल लावलं होतं: एक घंटीचा, एक फोनचा, एक पाण्याच्या मोटरचा, असे. मी दिवसभर बुटीबोरीला कामावर. आई गेल्यापासून त्या पॅनलच्या भरवशावर ते घरी एकटे राहायचे.

नेमकी पॅनलची चिप जळाली, आणि नेमका तेव्हाच माझा पुण्याचा भाऊ आला. घंटी वाजवून वाजवून मी कामावरून येईपर्यंत दारात ताटकळला आणि जाताना सांगून गेला की रविवारी येतो, बाबांना घेऊनच जातो. बाबा ताट अर्धं टाकून उठले. मला असा संताप आला की शनिवारी सकाळीच सीताबर्डीचा बाजार गाठून नवी चिप आणली.

जुना प्रोग्राम सी भाषेतला, नव्या चिपला हवा पायथॉन. एका आकड्याचे आठ बिट, म्हणजे शून्य-एकच्या आठ जागा, एकेका बिटामागे एक दिवा. बिट जोडायचं, सरकवायचं, उलटवायचं चिन्ह पायथॉनमध्ये कोणतं, ते एकेक शोधत बसले, तर काय, सगळी तीच! मी खुशीत बाबांना हाक मारली.

"आधी लॅम्प टेस्ट," ते म्हणाले. "आठही लागले पाहिजे, नाहीतर मी नाही मानत."

ड्युटीवर गेल्या गेल्या एक बटण दाबून सगळे दिवे लावून बघायचे, ही त्यांची जन्माची सवय. मी बटण दाबलं. एकही लागला नाही.

डोकंच भणभणलं. माझ्या पॅनलची जोडणी उलटी, शून्य पाठवलं की दिवा लागतो, म्हणून शेवटी सगळे बिट उलटवावे लागतात. घंटीच्या दिव्याचा आकडा एक, तो उलटवला की २५४ यायला हवेत. छापून पाहिलं तर उणे दोन! मग ट्यूब पेटली. सीमध्ये मी आकडा आठ बिटांत कोंबला होता. पायथॉनमध्ये असं कुंपणच नाही, तो सरळ ऋण आकड्यात शिरतो, आणि ऋण आकडा दिव्यांपर्यंत पोचतच नाही. उलटवल्यावर पुढे `& 255` लावून खालचे आठ बिट राखायचे, बस. चिन्ह तेच, पण कुंपण मलाच घालायचं होतं. मी अक्षरशः नाचले.

बटण दाबलं. आठही दिवे लखलखले. बाबांनी बोट ठेवून एकेक पाहिला आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

रविवारी घंटीचा दिवा लागला. मी मुद्दाम स्वयंपाकघरातून हलले नाही. बाबा उठले, दार उघडलं. भावाचं बोट अजून बटणावरच होतं.

"ये ना," बाबा म्हणाले. "काहून दाबून राहिला? दिसलं मले."

भाऊ पॅनलसमोर गेला, एकेक दिवा पाहिला. मग कोणी काही न विचारता त्याने मोबाइल काढला आणि परतीच्या दोन तिकिटांतलं एक रद्द केलं.