पडद्यावरून गेलेलं गाव

भोरच्या हाफिज बांगडीवाल्यांची थोरली मुलगी काँप्युटरात काम करते, एवढं डोंगरातल्या वाड्यावाड्यांना ठाऊक होतं. काय काम, ते धड कुणालाच सांगता येत नव्हतं, खुद्द हाफिजभाईंनाही नाही. आठवड्यातले पाच दिवस ते बांगड्यांची पेटी घेऊन वेल्ह्याच्या डोंगरात हिंडायचे. बाया हात पुढं करता करता विचारायच्या, "भाई, तुमची फौजिया करती काय म्हनायचं?" भाई म्हणायचे, "पुन्याच्या कंपनीत व्हती. आता वेल्ह्यात, दवाखानेवाल्यांकडं." बायांचं तेवढ्यावर भागायचं, भाईंचं भागत नसे.

शेवटी दोन हजार सातच्या उन्हाळ्यात एकदा जेवताना त्यांनी तिलाच धरलं.

"बाजार मांडल्यागत आहे, अब्बा," फौजिया म्हणाली. "फ्रेमवर्क म्हणजे आयता मांडव. आपण प्रोग्राम लिहून त्याच्या हवाली करायचा. तो त्याची सेवा, म्हणजे इचारलं की उत्तर देणारं दुकान, तयार करतो आणि जाळ्यावर मांडतो. मग लांबचा कुठलाबी काँप्युटर हाक मारून तिला इचारू शकतो."

"मंग समदं मांडवच करतोय की. तू काय करतीस?"

"मांडवाला अक्कल न्हाई. हाताला लागंल ते मांडतो. कुठली सेवा करायची, कुठली झाकायची, ते मी त्याला शिकवते."

भाईंनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "म्हंजे माझंच काम. निस्तं बसून."

पुण्याची नोकरी सोडून ती परतली त्याला कारण होतं. एका सेवाभावी संस्थेचे डोंगरात चार लहान दवाखाने होते. पावसाळ्यात कुणाला साप चावला की माणसं त्याला डोलीत घालून खिंडीत आणायची आणि तिथं खांदे अडायचे. एका अंगाला तासाभरावर दवाखाना, पण तिथं सापाच्या विषावरची लस असेल याचा भरवसा नाही. दुसऱ्या अंगाला उतरून डांबरी रस्ता, तिथून जीपनं मोठा दवाखाना, तिथं लस हमखास, पण तीन-साडेतीन तास. चुकीच्या अंगाला उतरून दगावलेली दोन माणसं हाफिजभाईंनी स्वतः पाहिली होती. घरी येऊन त्यांनी ते एकदाच सांगितलं, पण फौजियाच्या डोक्यातून ते गेलं नाही.

तिनं मांडणी अशी केली: रोज सकाळी प्रत्येक दवाखान्यानं आपल्याकडची लस किती माणसांना पुरेल तो आकडा काँप्युटरात भरायचा. आकडा फोनच्या तारेवरून जायचा आणि दुपारनंतर डोंगरातले फोन मरतात, म्हणून सकाळीच. खिंडीत मोबाईलला रेंज यायची. तिथून वेल्ह्यातल्या कचेरीत फोन करायचा. तिथं गोरख नावाचा माणूस बसलेला, तो पडद्यावर बघून सांगणार, कुठं उतरा.

फ्रेमवर्कमध्ये सेवा घडवणारा जो भाग असतो, त्याला फॅक्टरी म्हणतात. मूळची फॅक्टरी प्रत्येक दवाखान्याची एक सेवा घडवून सरसकट चारही पडद्यावर मांडायची. फौजियानं तीन आठवडे खपून तिच्या जागी आपली बसवली. हिची रीत वेगळी. ज्या दवाखान्याचा आकडा शून्य, त्याची सेवा ती घडवायचीच नाही. नाव पडद्यावर येणारच नाही. जे दिसेल तिथं लस आहे, एवढं साधं. घाईत गोरखची नजर चुकायला जागाच नको. जुन्या कंपनीतल्या साहेबांनी ते पाहून फोनवर म्हटलं, "हे सुंदर केलंस." तिलाही ते सुंदर वाटलं होतं.

भादव्यात भात पोटरीला आलं होतं. वरच्या वस्तीवरच्या चिमाजीला बांधावर गवत कापताना घोणस चावली. खिंडीतून फोन आला. गोरखनं पडद्यावर पाहिलं. भेकराळे, एक.

"भेकराळ्याला उतरा," तो म्हणाला. "एकाला पुरंल येवढी हाय."

भेकराळ्याला काहीच नव्हतं. नर्सबाईंनी रिकामं कपाट उघडून दाखवलं. माणसं डोली उचलून पुन्हा खिंड चढली आणि पलीकडं उतरली. डांबरीच्या अलीकडच्या ओढ्यापाशी चिमाजी डोलीतच गेला.

फौजियानं नोंदी काढल्या. भेकराळ्याच्या नावावर बारा ऑगस्टला शून्य होतं. तेरापासून रोज एक. पाच आठवडे, एकाखाली एक.

ती भेकराळ्याला गेली. वाट ठाऊक म्हणून हाफिजभाई सोबत गेले. भेकराळे म्हणजे धरणात बुडालेलं आणि वर माळावर आणून बसवलेलं गाव. दवाखान्यात आकडा भरायचं काम फुलाबाईंकडं होतं. साठीच्या, विधवा, चौथी शिकलेल्या. उंबऱ्यातच बसल्या होत्या. भाईंना पाहून त्यांनी डोईवरचा पदर पुढं ओढला.

"मावशी, लस नव्हती ना?" फौजियानं विचारलं.

"नव्हती."

"मग एक का लिहिलं?"

फुलाबाईंनी आतल्या काँप्युटरकडं बोट केलं. मग म्हणाल्या, "वेल्ह्यात तू शिकिवलं तसं पयल्या दिशी शून्यच लिव्हलं पोरी. दाबलं बटन, तर पडद्यावर तीनच गावं आली. आमचं न्हाई. म्या दोनदा बंद करून लावला. तरी न्हाई."

"गाव पुसलं नव्हतं, मावशी. लस न्हाई म्हणून नाव येत नव्हतं."

"मला काय ठावं? येकदा पान्यात घातलं, तवाबी कागदावरनं आधी गेलं व्हतं. पानी मागनं आलं." त्यांनी जमिनीवरचं काहीतरी बोटानं सारखं केलं. "दान्याच्या कनगीत आमी मूठभर ठिवतोच. तळ कुनी झाडत न्हाई. मंग येक लिव्हलं. नाव आलं. म्हनलं, लस काय आज-उद्या यील, मंग ते खरं हुईल."

"आली नाही."

"न्हाई आली. इचारायला बी कुनी आलं न्हाई. तूच आलीस, चिमाजी गेल्यावर."

दोघं डोंगर उतरायला लागली. भाई पुढं चालत होते. मागं न बघताच ते म्हणाले, "हितं बाईची बांगडी फुटली तरी आमी वाढली म्हनतो. फुटली म्हननाराकडं परत कुनी हात करत न्हाई. न्हाई, सपलं, ही अक्षरं या डोंगरात तोंडावर येत न्हाईत. मला येका शब्दानं इचारायचं व्हतंस."

"तुम्हाला मी काय इचारणार होते, अब्बा? फॅक्टरी कशी लिहू?"

"ते न्हाई. मानसं 'न्हाई' कशी म्हनत्यात, ते."

तिनं चार दिवसांत आपली फॅक्टरी मोडली. आता आकडा काहीही असो, चारही सेवा घडणार, चारही नावं मांडली जाणार आणि लस नसली तर नावापुढं ठसठशीत 'नाही' येणार. फुलाबाईंना पुन्हा जाऊन दाखवलं. त्यांनी नर्सबाईंना शेजारी बसवून शून्य दाबलं, गावाचं नाव जागेवर राहिलं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला येणं सोडलं.

पहिल्या सकाळी नवा पडदा उघडला. भेकराळे, नाही. खालचं, नाही. पलीकडची दोन्ही, नाही. लस श्रावणापासून कुठंच पोचली नव्हती. आधीच्या पडद्यावर नसलेल्यांची नावं एकेक करून गळत गेली आणि भेकराळ्याचं तेवढं दिसत राहिलं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. फौजियानं छापील कागद काढून संस्थेचे सचिव कुंडलिकराव यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून पाहिला.

"मागणी गेलेलीच आहे," ते म्हणाले. "पण हे असं चार वेळा नाही नाही लिहिलेलं बरं दिसत नाही. पाहुणे येतात, फोटो काढतात. पहिलं होतं तेच ठेवा की. नसलं तर दिसत नव्हतं, ते चांगलं होतं."

"ते मी ठेवणार नाही."

"तुम्ही नका ठेवू. पुण्याचा काँप्युटरवाला मुलगा येतोय सोमवारी, तो ठेवेल."

ती गोरखच्या टेबलाशी येऊन बसली. फोन वाजला. गोरखनं उचलला, ऐकलं, पडद्याकडं पाहिलं आणि फोनच्या तोंडावर हात ठेवून तिला म्हणाला, "खिंडीतनं हाय. सापाचंच हाय, बाई बोलती. कुठं सांगू?"

फौजियानं फोन घेतला. "डांबरीला उतरा. जीप करा, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. कुठं थांबू नका."

"तेवढं आमास्नीबी ठावं हाय, बाई," पलीकडची बाई म्हणाली. तिला दम लागला होता. मागं कुणीतरी डोलीचा खांदा बदलत होतं. "जवळ कुठं हाय का, त्ये इचारलं."

पडद्यावर चारही नावं होती. फौजियानं ती वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचली.

"न्हाई," ती म्हणाली.