निर्माल्याची पिशवी

माझा स्वभाव मुळातच संशयी. सोलापुरात बिऱ्हाड केल्यावर सीना नदीकाठच्या गावातली एक मावशी दूध घालायला येऊ लागली, तर मी रोज तिच्यादेखत दुधात बोट बुडवून थेंब नखावर धरायचे. ओघळला की पाणी! तिची एकच म्हैस, तिच्यावरच तिचं घर चालायचं. मावशी नुसतं तोंड फिरवायची.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी बाजारात प्लॅस्टिकच्या पिशव्या नव्या नव्या निघाल्या. साडीच्या दुकानातून मिळालेल्या मी घडी घालून गादीखाली जपायचे. आमचे हे रोज एसटीने नदीपलीकडच्या शाळेत शिकवायला जात आणि जाताना देवाचं निर्माल्य पुलावरून सीनेत टाकत. कागदात बांधून दिलं की ओली फुलं बसमध्ये सांडत, पायदळी येत. म्हणून मी ते प्रसादाच्या केळ्यासकट पिशवीत भरायला लागले आणि जुन्या इरकली लुगड्याच्या काठाच्या चिंधीने तोंड करकचून बांधायचे. देवाचं काम, त्यात हयगय कशी चालेल?

एका उन्हाळ्यात दूध कमी झालं, मग बंदच पडलं.

"म्हस खात न्हाय बाई, पोट लई फुगलंय," मावशी सांगायला आली. "गुरांच्या दवाखान्यात आणलीया."

मला वाटलं, हिने दुसरं गिऱ्हाईक धरलं. लबाडी पकडायची म्हणून मी तिच्या मागोमाग निघाले.

म्हैस खरोखरच तिथं होती. डॉक्टरांनी तिची डावी कूस चिरली आणि कोपरापर्यंत हात घालून आतून प्लॅस्टिकचे बोळे ओढून काढले. आटत आलेल्या नदीत डुंबायला जाते, तिथंच खाल्लं असणार, असं ते म्हणाले. मावशीला पटेना.

"न्हाय वो. भावकीनंच घातलं खायाला. बांधाचं भांडण हाय की आमचं. आता जाते त्येंच्या दारात, बगतेच एकेकाला."

त्या बोळ्यांत एक पिवळी पिशवी अजून बांधलेलीच होती. तिच्या तोंडाला चिंधी होती. मळली होती, तरी माझ्या इरकलीचा काठ मी ओळखला. गप्प बसावं असंच आधी वाटलं, कुणाला कळणार होतं? पण मावशी पदर खोचून निघालीच होती.

"मावशी, ती गाठ माझी आहे," मी म्हणाले.

तिने चिंधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोचलेला पदर तिने सोडला.

म्हैस वाचली. तोवर गादीखालच्या पिशव्या मी दुकानदाराला परत केल्या होत्या. साडी घ्यायलासुद्धा कापडी पिशवी नेत होते आणि निर्माल्य जास्वंदीच्या बुडाशी पुरत होते. महिन्याभराने मावशी दारात आली. मी पातेलं पुढं केलं. तिने दूध ओतलं नाही, भरलेलं माप तसंच माझ्यासमोर धरलं.

"बोट बुडवून बगा की, बाई."

मी बोट मुठीत मिटून घेतलं.