कण्हणारा साक्षीदार

त्या माणसाचं कण्हणं अजून माझ्या कानांतून गेलेलं नाही. सत्तरच्या दशकात मी वेल्ह्याच्या बाजूला फौजदार होतो. गुंजवण्याजवळच्या एका वाडीत बांधाच्या भांडणातून खून झाला. पाहणारा एकच, शेजारचा शेतकरी. त्याने जबाब दिला आणि आठवड्याभरात पाठ धरून अंथरुणाला खिळला. साक्षीच्या दोन तारखा चुकल्या. तो आला नाही तर आरोपी सुटणार, हे उघड होतं.

मग खबर आली. बायको भातलावणीला गेली की त्याच्या बंद दाराआड जात्याची घरघर ऐकू येते. मी तडक गेलो.

"सोंग करतोस? वॉरंट काढून उचलून नेईन!"

तो नुसता कण्हत राहिला. त्याच्या पाठीला तेल चोळत बसलेला पाहुणा म्हणाला, "साहेब, लई तरास हाय त्यास्नी."

मी पुण्याच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांच्या छापील प्रश्नावलीत खऱ्या दुखण्यांबरोबर सोंग ओळखण्यासाठी काही अशक्य दुखणीही मिसळलेली होती.

"पाठ दुखली की नखं दुखतात?"

"व्हय."

"केसांची टोकं?"

"लई ठणकत्यात."

सगळ्याला होकार. मी मनात खूश झालो. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुणाची भीती वाटते?"

 त्याची नजर पाहुण्याकडे गेली. पाहुणा शांतपणे तेल चोळत होता.

मी पाहुण्याला शिपायाबरोबर बाहेर पाठवलं. दार लागताच साक्षीदार ताडकन उठून बसला.

"साहेब, त्यो आरोपीचा मेव्हणा हाय. रोज येतो. पाठीवरनं हात फिरवत म्हनतो, उठलास तर हीच मोडीन. बायकू शेतात एकलीच असती, ध्यानात ठेव. तुमी जाताल, त्यो हितंच राहील!"

डॉक्टर कागद आवरत म्हणाले, "दुखणं खोटं आहे, फौजदारसाहेब. पुढचं तुम्ही बघा."

मेव्हण्याला धमकीच्या गुन्ह्यात अटक केली. नवराबायकोला त्याच दिवशी भोंगवलीला तिच्या माहेरी हलवलं आणि दारात पोलीस बसवला. साक्षीच्या दिवशी साक्षीदार कोर्टात चालत आला. घाम पुसत पुसत सगळं बोलला. आरोपीला जन्मठेप झाली.

त्यानंतर कुणाचाही जबाब घेताना त्याच्या शेजारी कोण बसलंय, हे मी आधी पाहू लागलो. निकालानंतर साक्षीदाराच्या बायकोला म्हटलं, "बाई, तुम्ही तरी ठाण्यात येऊन सांगायचं होतं."

ती खाली बघत म्हणाली, "कसं सांगनार साहेब? मला त्याचं अन् तुमचं, दोगांचंबी भ्या वाटायचं."